न केलेल्या कर्माचे फळ

कार्तिक वद्य दशमीची सकाळ होती. आळंदीच्या घाटावर यात्रेकरूंची स्नाने चालली होती, आणि घाटाच्या खालच्या अंगाला, जेथे वस्तीतून आलेला एक ओढा इंद्रायणीला मिळतो, तेथे माझे एक जुने स्नेही, ज्यांची सारी हयात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली, शेवटच्या पायरीवर ओणवे होऊन 300 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत पाणी भरीत होते. भरण्याची त्यांची रीत एखाद्या कर्मठ याज्ञिकाला शोभावी अशी होती: बाटली पाण्याखाली न्यायची, आत हवेचा एक बुडबुडाही मागे राहू नये अशा बेताने ती काठोकाठ भरू द्यायची, बूच पाण्याखालीच बसवायचे, आणि मग वर घेऊन लांब नळीने आधी मँगनीज-क्षाराचे व मागाहून आयोडाइडमिश्रित अल्कलीचे मोजके द्रावण तीत सोडायचे. विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 साली घालून दिलेली ही कसोटी अजून चालू आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. हातभर अंतरावर परभणीकडची एक म्हातारी, पाण्यावरचा फेस तळहाताने बाजूला सारीत, आपली प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने भरीत होती. स्नेह्यांनी आपली बाटली चार-दोन वेळा उलटीसुलटी केली. साका धरला तो पांढराशुभ्र. म्हातारीने ते पाहिले, स्वतःची बाटली बगलेत धरून हात जोडले, आणि म्हणाली, "दूध झालं की हो, माउली!"

स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी नोंदवहीत एक आकडा लिहिला, बाटली पेटीत ठेवली, आणि आम्ही दोघे घाट चढून पुलाच्या दिशेने चालू लागलो. वाटेत मी त्यांच्या मौनाची स्तुती केली. श्रद्धावंताचा भ्रम फोडणे हे क्रौर्य आहे, असे काहीसे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ती स्तुती मला गिळावी लागली, आणि तेव्हापासून तो प्रसंग माझ्या मनात जो रुतून बसला आहे, त्याचीच उकल करण्याचा हा खटाटोप आहे.

सामान्यतः असे समजले जाते की पवित्र नदी मलिन झाली म्हणजे श्रद्धा आणि विज्ञान यांची गाठ पडते. एक म्हणते, तीर्थाला विटाळ कसला, आणि दुसरे म्हणते, तीर्थ वगैरे काही नाही, आकडे पाहा. हे भांडण मला फारसे खरे वाटत नाही. ज्या धर्मशास्त्राच्या नावाने पहिला पक्ष बोलतो, त्या शास्त्राने स्वतः दोन शुद्धींची गल्लत कधी केली नव्हती. पापाची शुद्धी हे त्याचे एक प्रकरण होते आणि द्रव्याची शुद्धी हे दुसरे. तांब्याचे भांडे कशाने घासावे, धान्याच्या राशीला विटाळ झाला तर किती भाग टाकावा, जमीन कशी शुद्ध करावी, याचा विचार स्मृतिकारांनी प्रायश्चित्ताच्या विचारापासून वेगळा ठेवला. जमिनीवर साठलेले पाणी केव्हा शुद्ध मानावे, याची मनूने दिलेली कसोटी तर अगदी इंद्रियगम्य आहे: एका गाईची तहान भागेल इतके ते असावे, घाणीने व्यापलेले नसावे, आणि त्याचा वास, रंग व रुची पाण्याची असावी. त्याच ग्रंथात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष टाकण्याचा निषेध आहे, आणि त्या निषेधाला कोणत्याही नदीचा अपवाद केलेला नाही. इतकेच काय, कर्क आणि सिंह या दोन संक्रांतींच्या काळात, महानद्यांचा अपवाद करून, इतर नद्या रजस्वला मानाव्यात व त्यांत स्नान करू नये, असेही सांगितलेले आहे. पूज्य नदी काही काळ स्नानाला अयोग्य असू शकते, आणि तसे म्हटल्याने तिची पूज्यता कमी होत नाही, ही कल्पना आपल्या परंपरेला पूर्वीपासून परिचित होती. ती विसरलो आपण.

भूमिशुद्धीचे प्रकरण वाचताना तर माझे स्नेही चकित झाले होते. याज्ञवल्क्य सांगतो की जमीन झाडण्याने, जाळण्याने, काळाने, गाईंच्या वावरण्याने, पाणी शिंपडण्याने, खरवडण्याने आणि सारवण्याने शुद्ध होते. आणि आज रासायनिक विषाने बाधलेली जागा निर्धोक करण्याचे जे उपाय अभियंते योजतात, त्यांत वरची माती खरवडून नेणे, माती भट्टीत भाजणे, ती धुणे, वरून अभेद्य थर देऊन ती झाकून टाकणे, आणि काही ठिकाणी लक्ष ठेवून सारे काळावर सोपवणे, यांचा समावेश होतो. यावरून आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते असा निष्कर्ष काढून जे टाळ्या पिटतात, त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी इच्छा नाही. घाण जमिनीवर पडली तर माणसाला सुचू शकणारे उपाय मोजकेच आहेत, एवढाच त्या साम्याचा अर्थ.

शुद्धीच्याच विचारात नदी आपल्या वेगाने शुद्ध होते असे एक वचन आहे, आणि पहिला पक्ष आपला सगळा डोलारा त्यावर उभारतो. गंमत अशी की विसाव्या शतकातल्या विज्ञानाने हे वचन बव्हंशी खरे ठरवले. अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी 1925 साली जे गणित मांडले, ते नदीकाठच्या प्रत्येक अभियंत्याला अजून पाठ असते. सांडपाण्यातील सडके द्रव्य जंतू खातात, आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. वाहते पाणी हवेशी खेळत तो प्राणवायू पुन्हा मिळवते. या खर्चाची आणि जमेची ओढाताण कागदावर काढली तर एक लोंबती कमान उमटते. नाला जेथे मिळतो तेथे प्राणवायू किमान नसतो. तो उतरत जातो, आणि त्याचा तळ कित्येक कोस खाली, कधी दोन-तीन दिवसांच्या प्रवाहाइतक्या अंतरावर लागतो. तेथून पुढे, नव्याने काही मिसळले नाही तर, नदी हळूहळू सावरते. ब्रिटनच्या शाही आयोगाने 1912 साली शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी बीओडीची, म्हणजे सडके द्रव्य खाताना जंतूंना लागणाऱ्या प्राणवायूची, लिटरमागे 20 मिलिग्रॅमची जी मर्यादा सुचवली, तीही नदीचे स्वच्छ पाणी निदान आठपट असेल असे गृहीत धरूनच. तेव्हा वेगाने शुद्धी होते खरी; पण तिला वेळ लागतो, अंतर लागते, आणि मुळात नदीत नदीचे पाणी असावे लागते. धरणाखाली पात्र कोरडे ठेवून त्यात केवळ सांडपाणी सोडले, तर वेग कोणाचा आणि शुद्धी कोणाची?

या कमानीच्या तळापाशी मला धर्माचा खरा प्रश्न पडलेला दिसतो. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताचे समर्थन करताना दोन दोष आवर्जून टाळले आहेत. केलेले कर्म फळ न देताच नष्ट होणे, हा कृतनाश. आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरात पडणे, हा अकृताभ्यागम. ज्या विश्वव्यवस्थेत हे दोन दोष संभवतात ती नीतीची व्यवस्थाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते टाळण्यासाठीच पुनर्जन्माचा एवढा प्रपंच त्यांनी मांडला. आता नदीकडे पाहा. लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापुरास भीमेला मिळते. मुळा आणि मुठा पुण्यात एकत्र होऊन पुढे त्याच भीमेत जातात. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते, आणि तेथून सुटलेले पाणी पंढरपुराशी चंद्रकोरीसारखे वळते तेव्हा त्याला चंद्रभागा म्हणतात. पुण्यात एक कळ दाबली की घरातली घाण डोळ्यांआड होते. ती करणाऱ्याच्या दृष्टीने तेथेच संपते. केलेले कर्म फळ न देता नाहीसे झाले, हा शुद्ध कृतनाश. आणि शेकडो मैलांवरून पायी आलेली, आयुष्यात कधी कारखाना न पाहिलेली म्हातारी पहाटे पाण्यात उतरते, ओंजळ भरते, आणि तिच्या पदरी अकृताभ्यागम पडतो. दर्शनकारांनी जे दोन दोष विश्वातून हद्दपार केले होते, ते आपण नळाने पुन्हा आत आणले. कर्त्यापासून भोक्त्याला तोडणे, हे नदीच्या वेगाने आपल्याला दिलेले फार सोयीचे वरदान आहे.

जोवर घाण मर्त्य होती तोवर हे एक वेळ खपून गेले. शेण, रक्त, अन्न, प्रेत, सारे सडणारे, म्हणजे शेवटी पंचत्वात जाणारे. त्याला नदीने पोटात घेतले तर दोन दिवसांच्या वाटेत त्याचा निकाल लागे. परंतु पारा, कॅडमियम, शिसे, क्रोमियम ही द्रव्ये सडत नाहीत. ती मूलद्रव्ये असल्यामुळे त्यांचा नाश नदी करू शकत नाही, जंतू करू शकत नाहीत, काळही करू शकत नाही. ती गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात, आणि पाण्याची आम्लता किंवा प्राणवायू बदलला की पुन्हा वर येतात. ज्या शब्दाने आपण आजवर ब्रह्माचे वर्णन केले, तो अविनाशी हा शब्द आता आपल्या कचऱ्यालाही लावावा लागतो, याची मला मौज वाटत नाही. गाळ हा नदीचा चित्रगुप्त आहे. नळी खुपसून त्याचा उभा नमुना काढला तर थरांमागून थर उलगडतात, आणि वरच्या पाण्याने केव्हाच विसरलेले दशक खालच्या थरात जसेच्या तसे सापडते.

म्हणूनच बाधित जागेची तपासणी करणारा शहाणा अभियंता प्रथम कुदळ उचलीत नाही. तो दप्तर उघडतो. ही जमीन कोणाच्या ताब्यात होती, फेरफार केव्हा झाले, जुन्या नकाशावर येथे तळे होते की खाण, कारखान्याला कशाचा परवाना होता, तो कच्चा माल कोठून आणी आणि त्याचा उकिरडा कोठे असे, जुने पहारेकरी आणि मुकादम काय सांगतात, याची तो दिवसच्या दिवस चौकशी करतो. मगच तो भोके पाडतो, विहिरी मोजतो, भूगर्भातले पाणी कोणत्या दिशेने सरकते ते ठरवतो, आणि सरतेशेवटी तीन गोष्टींची साखळी मांडतो: विषाचा उगम, त्याची वाट, आणि त्याचा भोक्ता. यांपैकी एक कडी जरी नसली तरी धोका नाही असे त्याचे शास्त्र मानते. आणि तिन्ही असल्या तर त्यांतली कोणती तोडायची, हा पुढचा विचार. कर्ता आणि भोक्ता यांच्यामधला, नदीने पुसून टाकलेला धागा पुन्हा विणणे, हेच या तपासणीचे काम होय. आणि त्या अर्थाने मला ती नुसती तांत्रिक बाब वाटत नाही.

प्रायश्चित्ताला चार पाद असतात असे धर्मशास्त्रात सांगितले आहे: उपस्थान, व्रतादेश, चर्या आणि शुद्धिप्रकाशन. पातक घडलेल्याने आधी विद्वानांच्या परिषदेपुढे स्वतः जाऊन उभे राहावे आणि आपण काय केले ते न लपवता निवेदन करावे. मग परिषद व्रत सांगेल. मग त्याने ते आचरावे. आणि अखेरीस तो शुद्ध झाल्याचे जाहीर व्हावे. या क्रमात कबुलीजबाब पहिला आहे, आणि तो असा चव्हाट्यावर द्यायचा आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडील नदी-सुधाराच्या योजना मी जेव्हा पाहतो, तेव्हा त्यांत चौथा पाद फार देखणा असतो: दगडी घाट, दिव्यांच्या माळा, फिरायला फरसबंद वाटा, कोनशिला. तिसऱ्या पादाला निविदा असते. पहिला पाद कोठे शोधावा ते कळत नाही. कोणत्या नाल्यातून, कोणाचे, किती आणि केव्हापासून येते, याचा साधा उभा-आडवा तक्ता नदीकाठच्या चावडीवर लावलेला मी अजून पाहिलेला नाही. निवेदनावाचून केलेल्या प्रायश्चित्ताला शास्त्री काय म्हणाले असते कोण जाणे. माझे स्नेही त्याला रंगसफेदी म्हणतात.

आणि कर्ता सापडला तरी तो मेलेला असला, दिवाळखोर असला, किंवा धंदा विकून मोकळा झालेला असला, तर? या प्रश्नावर धर्मशास्त्राने ऋणाच्या प्रकरणात फार बारकाईने विचार केला होता. बापाचे ऋण मुलाने फेडावे, ते त्याचे धर्मकर्तव्य. पण मद्य, द्यूत, कामासक्ती यांपायी केलेले ऋण आणि बापाच्या अंगावर राहिलेला दंड मुलाने देण्याचे कारण नाही, असे याज्ञवल्क्य स्पष्ट म्हणतो. आता नदीत सोडलेले विष हे व्यापाराचे ऋण की दंडाची बाकी? बापाने ते सोडून जो नफा मिळवला त्यावर मुलगा शिकला, त्याने घर बांधले. मग ते ऋण व्यवहाराचेच म्हणावे लागते, आणि मुलगा सुटत नाही. अमेरिकेत नायगरा फॉल्स गावी एका रासायनिक कंपनीने खंदकात हजारो टन विषारी गाळ पुरून ती जागा 1953 साली एका डॉलरला शाळामंडळाला दिली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तो गाळ लोकांच्या तळघरांत पाझरू लागला. त्या लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर 1980 साली झालेल्या कायद्याने कायदा होण्यापूर्वीच्या कृत्यांचीही जबाबदारी त्या त्या कर्त्यावर, आणि पुष्कळदा जागेच्या पुढच्या मालकावरही, टाकली. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी रंगधंद्यात लागणारे एच-ॲसिड बनवताना निघालेला 2,400 ते 2,500 टन विषारी गाळ उघड्यावर पडला, पावसाने तो जमिनीत उतरवला, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी काळपट तांबडे झाले. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने त्या जागेची तपासणी केली. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली, ज्याने दूषित केले त्यानेच निस्तरण्याचा खर्च सोसावा हे तत्त्व लागू केले. आणि पुढे 15 वर्षे अर्जांवर अर्ज होऊन 2011 साली 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम झाला. दामदुप्पटीपलीकडे व्याज घेऊ नये म्हणणारे आपले जुने स्मृतिकार या चक्रवाढीने दचकले असते. पण त्या 15 वर्षांत विहिरींतले विष कोणते सरळ व्याज लावीत होते?

दंडाने कृतनाश टळतो. अकृताभ्यागम मात्र तसाच राहतो, कारण प्यालेले पाणी परत घेता येत नाही. या जागी मला जपानातील मिनामाता आठवते. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा उपसागरात गेला, माशांतून माणसांत गेला, आणि 1956 साली ज्या व्याधीची अधिकृत नोंद झाली तिने कोळ्यांची घरेच्या घरे लुळी केली. 1977 ते 1990 या काळात खाडीच्या तळाचा सुमारे 15 लाख घनमीटर पारायुक्त गाळ उपसून, त्याला बांध घालून, वर माती टाकून, 58 हेक्टर नवी जमीन करण्यात आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम मोठे आहे. परंतु त्या जमिनीच्या कडेला समुद्राकडे तोंड करून छोट्या छोट्या दगडी मूर्ती बसवलेल्या आहेत, जिझोच्या, म्हणजे बालकांना सांभाळणाऱ्या बोधिसत्त्वाच्या. त्या रोग्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः घडवल्या. या मंडळींपैकी ओगाता मासातो या कोळ्याचा बाप त्या रोगाने तडफडून मेला होता. तो वर्षानुवर्षे नुकसानभरपाईसाठी लढला, आणि 1985 साली त्याने रोगी म्हणून मान्यता मिळावी यासाठी केलेला आपला अर्ज मागे घेतला. पुढे तो म्हणू लागला की ती कंपनी म्हणजे मीच होतो. माझी मोटार, माझी प्लॅस्टिकची होडी, माझ्या घरातली वीज ही त्याच व्यवस्थेची फळे आहेत, आणि त्या कारखान्यात कामाला असतो तर मीही तेच केले असते. गुन्हेगाराला सोडून देणे हा त्याचा हेतू नव्हता. न्यायालयाचा हिशेब न्यायालयाने पुरा करावा. पण ज्याने उपस्थान करायला हवे तो करीत नाही, तेव्हा ज्याने भोगले तोच परिषदेपुढे उभा राहतो, हे दृश्य मला कोणत्याही पुराणात आढळलेले नाही. त्याची थोरवी कबूल करूनही मला त्याचे भय वाटते. दुबळ्याची क्षमा सबळाला फार लवकर ऐकू येते.

दोन्ही बाटल्या एकाच हातात धरणारा माणूसही आपल्याकडे होऊन गेला. काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे हिंदू विश्वविद्यालयात जलीय अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ते तुलसी घाटावर राहत, गंगेत स्नान करीत, आणि त्यांनी 1982 साली सुरू केलेल्या प्रतिष्ठानाची प्रयोगशाळा त्याच पाण्यातले जंतू मोजी. 1986 साली सुरू झालेल्या सरकारी गंगा-योजनेवर त्यांचा आक्षेप अगदी अभियंत्याचा होता: पंप विजेवर चालतात, वीज जाते, आणि मग सारे मैलापाणी घाटांवरून नदीत उतरते, त्याऐवजी उताराने वाहणाऱ्या नळांनी ते शहराखाली नेऊन तळ्यांच्या मालिकेत सूर्यप्रकाशाने व शेवाळाने शुद्ध करावे. गंगाजलात पटकीचे जंतू मरतात, हे हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे 1896 सालचे निरीक्षण आपले लोक अभिमानाने सांगतात; उकळल्यावर त्या पाण्यातली ही शक्ती नाहीशी होते, हे त्याचेच दुसरे निरीक्षण सहसा कोणी सांगत नाही. मिश्रांनी गंगेला आई म्हणणे सोडले नाही आणि आकडा लपवलाही नाही. ज्याला या दोहोंत विसंगती दिसते त्याने आजारी आईच्या उशाशी कधी रात्र काढलेली नसावी.

आता त्या आळंदीच्या नोंदवहीकडे येतो. तीतला आकडा ज्या तक्त्याशी ताडायचा, त्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केलेले आहेत. निर्जंतुक करून पिण्याजोगे पाणी 'अ' वर्गात. त्यात 100 मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जंतू 50 पेक्षा अधिक नसावेत. स्नानाजोगे पाणी 'ब' वर्गात. तेथे 500 चालतात, प्राणवायू लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम असावा, बीओडी 3 पेक्षा अधिक नसावी. हे वर्गीकरण करणाऱ्याच्या मनात स्नान आणि पान ही दोन वेगळी कर्मे होती. वारकऱ्याच्या मनात ती एक आहेत: तो बुडी मारतो, ओंजळीने तीन वेळा आचमन करतो, आणि उरलेले तीर्थ घरी नेऊन आजाऱ्याच्या ओठांना लावतो. आचमनाच्या पाण्यालाही शास्त्राने माप दिले होते, उडदाचा दाणा बुडेल इतके. पण तेवढ्याशा पाण्यासाठी सरकारी तक्त्यात रकाना नाही. पृथ्वीच्या पाठीवर इतरत्र पोहणाऱ्याच्या तोंडात चुकून किती पाणी जाते याचा अंदाज बांधतात. येथे ते चुकून जात नाही, हात जोडून घेतले जाते. भोक्त्याचा विचार करताना श्रद्धा ही विषाची एक वाट आहे हे लिहावे लागेल, आणि ते लिहिणे श्रद्धेचा अपमान नव्हे. काशीची कावड रामेश्वराला नेणाऱ्या एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव पाहून तेच गंगाजल त्याला पाजले, तेव्हा पाणी कोणाच्या पोटात जायला हवे एवढेच त्यांनी पाहिले होते.

पुलापाशी पोचल्यावर स्नेही थांबले. पेटी माझ्या हाती दिली आणि एक अक्षर न बोलता ते परत घाट उतरू लागले. मीही मागोमाग गेलो. म्हातारी पायरीवर लुगड्याचा ओला पदर उन्हात धरून बसली होती, बाटली शेजारी. ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

"आजी," ते म्हणाले, "मघाशी ते दूध नव्हतं झालं. पाण्यात प्राण उरला नाही, की ते औषध असं पांढरं होतं. त्या ओढ्यातून वस्तीची घाण येते. वरच्या गावांचीही येते, आमच्या पुण्याकडची सारी खाली भीमेत जाते. हे आम्ही केलंय."

तिने ओढ्याकडे पाहिले, मग बराच वेळ नदीकडे. रागावली असावी असे मला वाटले. पण तिने बाटली उचलून बूच पुन्हा एकदा घट्ट पिळले.

"देवापुढं ठेवीन," ती म्हणाली. "नातवाला नाही पाजायची."

आणि पदर अजून ओला होता तरी तो डोक्यावर घेऊन ती पायऱ्या चढू लागली.